मागे बघा, बाई

“बाई, मागे बघा.”

“बघतेय साहेब.”

“तुम्ही समोर बघताय.”

“आरशात बघतेय.”

“आरसा राहू द्या. मान वळवा. मान. अशी.”

साहेबांनी स्वतःची मान वळवून दाखवली आणि तेवढ्यात मागच्या चाकांखालचा रस्ता संपला. फियाटचं बूड गटारात गेलं, तोंड वर झालं, आणि मी अन् आरटीओचे साहेब दोघंही दातांच्या डॉक्टरकडच्या खुर्चीत बसल्यासारखे मागं रेलून वर बघत राहिलो. काचेतून चिंचेची एक फांदी तेवढी दिसत होती.

“नापास,” साहेब त्या फांदीला म्हणाले.

ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेला याच रस्त्यावर, याच साहेबांना शेजारी बसवून मी रसवंतीवाल्याचं बाकडं मोडलं होतं. बाकड्यावर कोणी बसलेलं नव्हतं, ही त्या बाकड्याची नाही तर माझी पुण्याई.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कृष्णाकाठच्या आमच्या गावापासून दोन एस.टी. बदलून शाळेत शिकवायला जायची. आमच्या ह्यांनी गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी फियाट घेतली, मोठ्या हौसेनं तिला हार घातला, आणि महिना व्हायच्या आत पाटबंधारे खात्यानं यांची बदली पार भंडाऱ्याला केली. हे गेले, गाडी अंगणात राहिली. घरात सासू, सासरे आणि मी. तिघांत मिळून सायकल येणारी मी एकटी.

मग माझ्या धाकट्या दिरांची, विलासभावजींची, नजर गाडीवर गेली. त्यांची कऱ्हाडजवळ पोल्ट्री होती. एका रविवारी आले, मागचं दार उघडून सीट दाबून बघितली आणि म्हणाले, “वहिनी, ही सीट काढली की अंड्यांचे ट्रे झकास बसतील. वरती कोंबड्या. तुम्हाला लायसन मिळालं तर गाडी तुमची, माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मी नेतो.” भंडाऱ्याहून हेसुद्धा फोनवर म्हणाले, “हेमा, उभ्या उभ्या गंजून जाईल. त्यापेक्षा विलास वापरेल.” दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तर दोघा भावांचं ठरलंच. पुढच्या महिन्यात तालुक्याला आरटीओचा कॅम्प होता, ती माझी शेवटची संधी. त्यात जमलं नाही तर त्याच संध्याकाळी विलासभावजी येऊन गाडी घेऊन जाणार.

मला ती गाडी हवी होती. शाळा लांब आहे, एस.टी. वेळेवर येत नाही, ही कारणं मी लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. स्टिअरिंगवर बसलेल्या बाईला कोणी “जरा चहा टाक गं” म्हणू शकत नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि ते तिच्या स्वतःच्या कामात गुंतलेले असतात. एवढं सुख मला माहेरीही मिळालं नव्हतं.

बरं, मला गाडी येत नव्हती असंही नाही. मी शिकले पठाणमामांकडं. तालुक्याला त्यांचा मोटार ट्रेनिंगचा क्लास होता. त्यांच्या गाडीत डॅशबोर्डवर एक फडकं आणि एक कंगवा, बाकी काही नाही. त्या गाडीत मी अरुंदातल्या अरुंद बोळात गाडी पुढं घेऊन, मागं घेऊन तोंड फिरवायची. पठाणमामा म्हणायचे, “मॅडम, तुमच्यासारखा रिव्हर्स आमच्या थोरल्याला येत नाही.” आणि स्वतःच्या फियाटमध्ये बसले की संपलं. रिव्हर्स टाकला की मान खांद्यापर्यंत जायची आणि तिथं अडायची. वळायचीच नाही. मग मी अंदाजानं मागं जायची आणि त्या अंदाजाला कधी बाकडं आडवं यायचं, कधी गटार.

फियाट गटारातून ओढून आणली त्या संध्याकाळी मी ओट्यावर तोंड पाडून बसले होते. आबा, म्हणजे माझे सासरे, देवळातून आले. आम्ही गुरव. गावातल्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात. आबांनी पाय धुतले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “म्या शिकिवतो.”

“आबा, तुम्हाला सायकल येत नाही.”

“सायकल न्हाई येत. पर मागं जायाला येतं. आख्खा जलम गाभाऱ्यातनं उलट्या पावली भाईर येतोय. उंबरा कदी लागला का?”

हे मात्र खरं होतं. देवाला पाठ दाखवायची नाही हा आमच्या घरातला पहिला नियम. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी पिंडीवर बेल वाहून सरळ वळून बाहेर आले, तर आबा सगळ्या भावकीसमोर म्हणाले होते, “पोरी, कुणाच्या घरनं निगताना त्येच्याकडं पाठ करून निगतीस का? मग ह्यो तर देव हाय.” लाजेनं मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. त्यानंतर मी देवासमोरून कधी वळून निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरवआळीत आबांनी शिकवणी सुरू केली. आमची आळी अरुंद, दोन्ही अंगांना गटार. आबा रस्त्याच्या मधे उभे राहिले, हातात नसलेलं स्टिअरिंग धरलं आणि स्वतःच गाडी झाले.

“ही गटार म्हंजी देवाची पन्हळ समज. परदक्षिणा घालताना आपुन काय करतो? पन्हळीपत्तोर जातो. वलांडतो का? न्हाई वलांडत. तितनंच माघारी फिरतो. तसंच हितं बी. हिकडच्या पन्हळीपत्तोर फुडं, तिकडच्या पन्हळीपत्तोर मागं, आन् मग निगालो आपल्या वाटंनं.”

असं म्हणून ते उजवीकडच्या गटारापर्यंत चालत गेले, काठावर थांबले, आणि तिथून उलट्या पावली, मान ताठ ठेवून, डावीकडच्या गटाराच्या काठावर बरोबर येऊन थांबले. एकदाही मागं बघितलं नाही. आळीतली माणसं ओट्यावर येऊन बघायला लागली. समोरच्या अनसूयाकाकूंनी विचारलं, “आबांना काय झालंय?” मी म्हटलं, “रिव्हर्स.”

मग मी गाडीत बसले. आबा शेजारी. पुढं उत्तम गेले. पन्हळीपाशी थांबले. रिव्हर्स टाकला, मान वळवायला घेतली आणि ती अडली ती अडलीच. गाडी मागं गेली आणि काहीतरी चुरडलं. अनसूयाकाकूंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. बाज उलटली, मोडली नाही, पण चाकाखाली कुरडयांचा भुगा झाला.

“ऱ्हाऊ दे,” काकू म्हणाल्या. “तशा बी मऊच व्हत्या.” पण आवाज मऊ नव्हता.

आबा बराच वेळ माझ्या मानेकडं बघत राहिले. “मान आखडलीया तुजी,” असं निदान करून त्यांनी मला सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, हवाली केलं. आत्याबाईंनी रोज रात्री निलगिरीचं तेल लावून माझी मान रगडली, उशी काढून घेतली, आणि वर मला जेवताना उजवीकडच्या भिंतीकडं बघून जेवायला लावलं. माझी मान इतकी मोकळी झाली की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मला मागच्या बाकावरची पोरं दिसायला लागली. गाडीत बसले की पुन्हा तेच. मी रडकुंडीला आले. कॅम्पला आठवडा राहिला होता आणि विलासभावजींनी ट्रे धुऊन ठेवल्याचं कळलं होतं.

सोमवार उजाडला. सोमवारी आबा घरातल्या सगळ्या देवांना अभिषेक करायचे. त्यात गाडीतली पिंडही आली. ही पिंड मुठीएवढी, पितळेची. गाडी घेतली त्या दिवशी आबांनीच ती डॅशबोर्डवर मधोमध सुताराकडची लांबी लावून बसवली होती. तर ती त्यांनी उपटून पूजेला आत नेली. मी शाळेला निघायच्या आधी म्हटलं एकदा वळवून बघू. पन्हळीपर्यंत पुढं गेले. रिव्हर्स टाकला. मान वळली. सहज वळली, तिच्यात काही नव्हतंच. मागची काच, काचेतून अनसूयाकाकूंची बाज, बाजेवरच्या नव्या कुरडया, सगळं स्वच्छ दिसलं. गाडी मागं आणली, काठावर थांबवली, पुढं घेतली. तोंड फिरलं.

आबा पितळी तांब्या हातात घेऊन दारात उभे होते. “परत कर,” म्हणाले. मी परत केलं. पुन्हा जमलं. आबांना आनंदाचं भरतं आलं. “देवाला नवी आंगुळ घातली म्हणून जमलं,” असं म्हणत त्यांनी आतून पिंड आणली, जागेवर घट्ट दाबली, बेल वाहिला, आणि म्हणाले, “आता ह्येच्यासमूर कर.”

मी रिव्हर्स टाकला. मान खांद्यापर्यंत गेली आणि थांबली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग पिंडीकडं. मग परत माझ्याकडं. मलाही त्याच वेळी कळलं. 

“त्येला पाठ दिसंल म्हणून?” त्यांनी हळूच विचारलं.

“मी मुद्दाम नाही करत आबा. होतच नाही माझ्याकडून.”

आबा गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. “म्हंजी तुला साहेबानं न्हाई नापास केलं,” ते म्हणाले. “म्या केलं.” मला त्यांचा इतका कळवळा आला की क्षणभर वाटलं, जाऊ दे ती गाडी कोंबड्यांना.

पण आबा बसून राहणारे नव्हते. पिंड गाडीतून काढून टाकायची हे त्यांच्या जिवावर आलं. “एकदा बशिवलेल्या देवाला ऊठ म्हणायचं कसं?” मग दुपारभर विचार करून त्यांनी तोड काढली. देवाला मागच्या काचेपाशी बसवायचं. म्हणजे मागं बघितलं की दर्शन.

“आणि पुढं जाताना?” मी विचारलं. “तेव्हा पाठ होईलच की.”

“पालखीचं फुडचं भोई कसं चालत्यात?”

 पालखीच्या पुढच्या भोयांची पाठ देवाकडंच असते. त्याला आजवर कोणी दोष दिला नाही. “तू भोई,” आबा म्हणाले. “गाडी पालखी.” मास्तरीणबाईंची भोईपदावर नेमणूक झाली.

तरी देवाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही म्हणून आबांनी कौल लावला. पिंडीच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्यानं एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी आणि आत्याबाई हात जोडून उभ्या. आबांनी विचारलं, “देवा, मागं बसशील का?”

डावी पडली.

आत्याबाई म्हणाल्या, “झालं.” आबा मुळीच डगमगले नाहीत. पुन्हा कळ्या लावल्या आणि खाकरून म्हणाले, “बग बाबा, तुज्यावर हाय. सूनबाईची गाडी ऱ्हायली तर काचंपाशी बस, वारं खा. न्हाई ऱ्हायली तर ईलासकडं जावं लागंल. तितं समद्या गाडीत कोंबड्या. तूच सांग.”

उजवी कळी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडली.

कॅम्पच्या दिवशी पठाणमामा माझ्या शेजारी बसून आले. आबाही निघाले, कारण देव निघाला होता. अडचण अशी की मागच्या सीटवर बसलं की पिंड पाठीशी येत होती. म्हणून आबा तालुक्यापर्यंत सीटवर गुडघे टेकून, काचेकडं तोंड करून बसले. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला त्यांना रामराम करत होता.

रसवंतीवाल्यानं मला लांबून ओळखलं आणि दोन्ही बाकडी आत नेली. साहेबांनी यादीत नाव बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग येऊन शेजारी बसले आणि एका हातानं दाराची कडी धरून ठेवली. आबांना मी बजावलं होतं, चिंचेखाली उभं राहायचं, काही बोलायचं नाही, बाहेरून कोणी सांगितलं तर साहेब नापास करतात.

“वळवा,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात काही आशा नव्हती.

मी उजवीकडं पूर्ण वळून गटाराच्या काठापर्यंत गेले. थांबले. आडव्या गाडीमुळं एका बाजूला एस.टी. थांबली, दुसऱ्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर. लगेच चहुबाजूंनी “येऊ द्या, येऊ द्या” सुरू झालं, कोणी डावीकडं म्हणे, कोणी उजवीकडं. मी रिव्हर्स टाकला आणि मान वळवली. ती वळली. काचेत पिंड, पिंडीवर बेलाचं पान, आणि त्याच्या पलीकडं, रस्त्यात, आबा.

देवाला हादरे बसतात का हे बघायला ते चिंचेखालून सरळ गाडीच्या मागं येऊन उभे राहिले होते. गाडी मागं यायला लागली. मला वाटलं, होतील बाजूला. दुसरा कोणी असता तर पाठ फिरवून पळाला असता. पण देव आबांच्या अंगावर चालून येत होता, त्याला पाठ कशी दाखवणार? आबांनी हात जोडले आणि पिंडीवर नजर ठेवून एकेक पाऊल मागं, मागं, संथपणे, गाभाऱ्यातून निघाल्यासारखे चालायला लागले. ही आमची आळी नव्हती. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा नव्हता. मी ओरडायच्या आत आबा दिसेनासे झाले.

मी ब्रेकवर उभी राहिले. इंजिन बंद पडलं.

“का थांबलात?” साहेबांनी विचारलं. “छान चाललं होतं. अजून हातभर जागा आहे.”

“साहेब, तिथं माझे सासरे आहेत.”

साहेबांनी मागं बघितलं. “कुठे? मला कोणी दिसत नाही.”

“गटारात.”

आम्ही दोघं धावत मागं गेलो. गटार कमरेएवढं खोल, तळाला चिखल आणि गवत. आबा त्यात उताणे पडले होते. टोपी गेली होती, धोतर काळं झालं होतं, हात अजून जोडलेले होते. वर माझ्या गाडीचं मागचं चाक काठापासून जेमतेम हातभर होतं.  मी अंदाजानं आले असते तर गाडी खाली गेली असती, आबांवर. मी तिथंच रस्त्यावर बसून रडायला लागले.

“आगं, रडतीस कशापाई? मला काय झालं न्हाई,” आबा खालून म्हणाले. “देवाचं पान पडलं का बग.”

एस.टी.चा कंडक्टर आणि पठाणमामा यांनी त्यांना वर काढलं. साहेबांनी विचारलं, “बाबा, गाडी अंगावर येतेय दिसत होतं ना? बाजूला का नाही झालात?”

“देवाला पाठ करून?” आबांनी उलट विचारलं.

साहेबांनी काचेतून पिंडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. 

“बाई, मागच्या दोन्ही वेळेला हा देव कुठे होता?”

“पुढं होता साहेब. डॅशबोर्डवर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बसा,” म्हणाले. “अर्धं वळण राहिलंय.”

मी डोळे पुसून बसले. आबांना यावेळी पठाणमामांनी दंडाला धरून चिंचेखाली ठेवलं होतं. मी गाडी सुरू केली, पुढं घेतली, तोंड फिरवलं. एस.टी. गेली, ट्रॅक्टर गेला. रसवंतीवाल्यानं बाकडी बाहेर आणली. साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, “आज मागे बघितलंत म्हणून...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करत नाही.

पठाणमामांना बाकीच्या पोरांसाठी थांबायचं होतं. म्हणून परत जाताना मी आणि आबा दोघंच. मी मागच्या सीटवर पोतं अंथरलं, म्हटलं आबा मघासारखे बसतील गुडघे टेकून. आबांनी पोतं उचललं, पुढचं दार उघडलं, पुढच्या सीटवर पोतं टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सरळ, समोर तोंड करून.

“आबा, देव मागं आहे.”

“ठाव हाय.”

“पाठ होतेय तुमची.”

“व्हऊ दे,” आबा म्हणाले. “दुसऱ्या बाजूचा भोई नगं का कुणी?”

 मी गिअर टाकला. घर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. रस्ता बघत होते आणि समोर म्हैस दिसली की पाय दाबत होते.

गुरवआळीत शिरलो तर विलासभावजी आमच्या दारासमोर, भर रस्त्यात, अंड्यांचे ट्रे घेऊन उभे. धुतलेले, एकावर एक रचलेले. आबांनी चिखलाच्या हातानं काच खाली केली.

“ईलास,” ते म्हणाले, “सर बाजूला. सूनबाईला गाडी वळवायची हाय.”